तळ्याचा जुना आवाज

विद्यार्थिनीने हेडफोन म्हाताऱ्या बाईंच्या कानांवर नीट बसवला आणि त्यांच्या केसांत अडकलेली वायर हलकेच सोडवली.

"जड नाही ना होत, आजी?"

"जड कसला? पण बेडकं ऐकायला एवढा खटाटोप! बेडकांची किंमत ठरवायला आता कॉलेजं निघाली म्हण की."

विद्यार्थिनी हसली. घरोघरी हाच टोमणा ऐकून ती सरावली होती. एम.ए.ला तिने नैसर्गिक साधनसंपत्तीचं अर्थशास्त्र घेतलं होतं आणि प्रबंध या वस्तीमागच्या तळ्यावर होता. आधी तळ्याचा आजचा आवाज ऐकवायचा. त्यात पंप, गाड्या आणि बाकी शुकशुकाट. मग तीस वर्षांपूर्वीचा, विभागाच्या कपाटात सापडलेल्या एकुलत्या एका टेपवरून लॅपटॉपवर उतरवलेला. आणि मग विचारायचं, तळं पुन्हा तसं व्हावं म्हणून दरवर्षी किती पैसे द्याल? जे बाजारात विकत मिळत नाही, त्याचं मोल असं माणसांना विचारूनच काढावं लागतं.

जुन्या आवाजात एक खोट होती. बेडकांच्या गलक्यात मध्येच कुणी पुरुष लांबून हाक मारायचा, "अगं ए, येतेस ना?" लोक ती ऐकून दचकत, हसत, मागे वळून बघत. प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, "लोक किंमत बेडकांची सांगतायत की त्या माणसाची? ती हाक काढ, नाहीतर सगळं सर्वेक्षण बाद." तिने जंग जंग पछाडलं, पण हाक पुसायला गेलं की बेडकंही पुसली जात. प्रबंधाची मुदत तोंडावर आली होती.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. गुडघ्यावर बोटांनी ताल धरला होता. एकाएकी बोटं थांबली.

"पुन्हा लाव."

तिने आवाज मागे नेला. बाईंनी पुन्हा ऐकला.

"आमचे हे आहेत," त्या म्हणाल्या.

विद्यार्थिनीने लॅपटॉपवरून मान वर केली.

"बहिणीकडे जायचं होतं, तळ्याकाठच्या वाटेनं. निघताना भांडलो. हे तरातरा पुढं गेले आणि वळणावरून हाका मारत बसले. मी रुसलेली. ओ दिली नाही. म्हटलं, जातात कुठं, येतील झक मारत." बाईंनी बोटातली अंगठी फिरवली. "वळणावर चपला सापडल्या. बाकी काही नाही."

"आजी, माफ करा. मी बंद करते."

"बंद कशाला? इतकी वर्षं ही हाक मनातच ऐकतेय, आज कानानं ऐकली." त्या थोडं हसल्या. "त्या वाटेवर माणसाची चाहूल लागली की बेडकं गप्प व्हायची. एकटं कुणी गेलं तर लगेच पुन्हा सुरू. आम्ही दोघं बडबडत निघालो की बराच वेळ गप्प. हे म्हणायचे, तुझ्या तोंडाला घाबरतात. लाव गं पोरी, अजून एकदा."

तिसऱ्यांदा हाकेची जागा जवळ आली तशा बाई किंचित पुढे झुकल्या. आतल्या खोलीतून उत्तर द्यावं तितक्या सहज म्हणाल्या, "आले हो."

मग त्यांनी हेडफोन काढला आणि वायर गुंडाळून तिच्या हातात दिली.

विचारणं जिवावर आलं होतं, पण विचारावं लागलंच. "किती द्याल, आजी?"

"ते कोरंच ठेव. द्यायचं ते दिलं मी."

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली तेव्हा बाई दारात चपला घालत होत्या.

"एवढ्या उन्हात कुठं निघालात?"

"इथंच. वळणापर्यंत."

दुसऱ्या दिवशी विभागात मॅडमनी जुना आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि हेडफोन टेबलावर ठेवला.

"शाबास! काढलीस शेवटी. आणि बेडकं जागच्या जागी."

"मी काहीच केलं नाही, मॅडम."

"विनय पुरे. आता हाच आवाज घेऊन सगळ्या घरी पुन्हा जा. सुरुवात त्या कोऱ्या उत्तराच्या आजींपासून कर. बघू, आता तरी किंमत सांगतात का."

तिने हेडफोन कानांवर ओढला. बेडकं नेहमीसारखी ओरडत होती. हाकेची जागा आली आणि हाकेविनाच पुढे सरकली. मग डाव्या कानातली बेडकं गप्प झाली. मग मधली. मग उजवीकडची.

मॅडम काहीतरी विचारत होत्या. तिने हात वर करून त्यांना थांबवलं आणि बेडकं पुन्हा सुरू व्हायची वाट बघत उभी राहिली.

ती लगेच सुरू झाली नाहीत.