आधी होम प्लेट

निशिकांतला पुण्याहून सिंगापूरला येऊन बरीच वर्षं झाली होती, पण क्रिकेट सोडून दुसरा खेळ त्याच्या डोक्यात कधी शिरला नाही. त्याची मुलगी श्रिया मात्र तिथल्या बिशान भागातल्या एका हौशी टीममध्ये बेसबॉल खेळायची. ज्युनियर कॉलेज सोडून तिनं त्याच्या मनाविरुद्ध पॉलिटेक्निकला स्पोर्ट्सचा कोर्स घेतला आणि तेव्हापासून बापलेकीत कामापुरतंच बोलणं उरलं.

त्या रविवारी तिच्या टीमचा कोच आजारी पडला. कॅप्टन रुचिरचा निशिकांतला फोन आला.

"काका, तिसऱ्या बेसजवळ नुसतं उभं राहायचं. रनरला थांब किंवा पळ, एवढंच सांगायचं."

"जा की," बायको नीता म्हणाली, आणि तो गेला.

दुसऱ्याच डावात त्यानं घोळ घातला. रुचिरनं होमरन मारला, चेंडू कुंपणापार गेला. एकेक बेस घेत तो आरामात तिसऱ्यापाशी आला, तशी निशिकांतनं कौतुकानं त्याची पाठ थोपटली. अंपायर लगेच पुढे आला. या लीगचा नियम कडक होता: होमरन मारणाऱ्याचा पाय होम प्लेटला, म्हणजे जिथून तो बॅटिंग करतो त्या जागेला, परत लागेपर्यंत त्याच्या टीममधल्या कुणी त्याला हात लावायचा नाही. पहिल्या वेळी ताकीद, पुन्हा झालं तर बॅटर आउट.

निशिकांत ओशाळला. बाकावरच्या श्रियाकडे बघायचं त्यानं टाळलं.

शेवटच्या डावात बरोबरी होती. श्रिया बॅटिंगला आली आणि तिनं चेंडू असा काही हाणला, की तो कुंपणापलीकडच्या झाडांत दिसेनासा झाला. दुसरा बेस ओलांडून ती निशिकांतच्या दिशेनं येऊ लागली. चेहरा नुसता फुलला होता. असं हसताना त्यानं तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं. टाळी द्यायला तिनं हात वर केला.

त्याचाही हात उचलला गेला होता. तो त्यानं पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

श्रियाचं हसू मावळलं.

"आधी होमला जा," तो हळूच म्हणाला.

ती गेली. प्लेटला पाय लागला, सामना जिंकला आणि सगळी टीम तिच्यावर तुटून पडली. निशिकांत तिसऱ्या बेसजवळ एकटाच उभा होता. आता तिथून हलायचं की नाही, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्या गर्दीतून वाट काढत श्रिया त्याच्याकडे आली.

"बाबा, नाऊ कॅन, ला. आता चालतंय," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यानं टाळी दिली, पण तिचा हात सोडला नाही.

"आय थॉट तुम्ही अजून रागावलाय."

"रागावलो होतोच," तो म्हणाला. "पण हात मागे घेतला तो नियमासाठी."

तिला हसू आलं. बाकाकडे परतताना त्यानं विचारलं, "तुमच्या त्या कोर्समध्ये नेमकं शिकवतात काय?"

ती सांगू लागली. उन्हातच उभं राहून तो ऐकत राहिला.