बाबांचं सुकाणू

बाबा यंदा होडीची कप्तानी सोडणार होते, आणि त्यांचं सुकाणू माझ्या नवऱ्याला मिळायला हवं यावर मी अडून बसले होते. योस्ट पंधरा वर्षं आमच्या गावाच्या शर्यतीच्या होडीवर शिडाचे दोर ओढत होता. वाऱ्याची नस त्याच्याइतकी कुणालाच कळत नव्हती. पण तो अ‍ॅमस्टरडॅमचा, डच बोलणारा; आम्ही उत्तरेकडचे फ्रिसियन, आमची भाषाही वेगळी. आणि आमच्या मंडळाचा नियम असा, की कप्तान जुन्या मालवाहू होडीवाल्यांच्या रक्ताचाच हवा. हा नियम सगळ्यांत जोरात रेटणारा माणूस म्हणजे माझे बाबा, लोल्के. तीस वर्षं कप्तान. दुकानात कुणी डच बोललं की यांना ऐकूच यायचं नाही.

त्या रविवारी चहाला हिल्त्शे आत्या आली होती, बाबांची थोरली बहीण. मी पुन्हा विषय काढला. बाबा साखरेच्या पावाला लोणी फासत होते.

"जावई गुणी आहे," ते म्हणाले. "पण फ्रिसियन रक्त शिकून येत नाही, पोरी."

योस्ट नेहमीसारखा हसला. माझं टाळकं सटकलं. तुमचं रक्त काय सोन्याचं आहे का, असं मी तोंडावर विचारलं. बाबा ओरडणार, तेवढ्यात आत्याने कप खाली ठेवला.

"तिला ओरडू नकोस, लोल्के. तूही तिकडचाच आहेस."

आत्याला भ्रम झाला असं मला आधी वाटलं. पण ती शांतपणे सांगत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या, उपासमारीच्या हिवाळ्यात आजोबांनी होडीतून अ‍ॅमस्टरडॅमला बटाटे नेले आणि येताना तिथली उपाशी पोरं आणली. त्यांत एक तीन वर्षांचा होता. त्याला परत न्यायला कुणी उरलंच नाही. त्याच महिन्यात आत्याचा धाकटा भाऊ लोल्के, तोही तीन वर्षांचाच, घटसर्पाने होडीवरच वारला. आजीने या पोराला त्याचे कपडे घातले, मग त्याचं नावही दिलं. मरणाची नोंद केलीच नाही; कागद तयारच होते.

बाबांचे हात अगदी आजोबांसारखे, असं सगळं गाव म्हणायचं. त्या हातात लोण्याची सुरी तशीच होती.

बाबांनी एवढंच विचारलं, "आणि तो? खरा लोल्के?"

"चर्चच्या मागे पुरलाय. थडग्यावर दगड नाही. नाव तर तुला दिलं होतं."

गुरुवारी मंडळाच्या बैठकीत बाबा उठले आणि सगळं सांगून मोकळे झाले. अध्यक्ष म्हणाले, कागद चोख आहेत, आम्ही काही ऐकलेलं नाही, खाली बस. मीही त्यांची बाही ओढली. खोटं कशाला बोलू, मलाही ते गप्प बसायला हवे होते.

"जावयाला लावला तो नियम मला का नाही?" बाबा म्हणाले. आपण कप्तान असताना जिंकलेल्या सगळ्या शर्यती नोंदीतून खोडायला सांगून त्यांनी कप्तानाची टोपी टेबलावर ठेवली. योस्टलाही काही मिळालं नाही. सुकाणू दुसऱ्याच घराण्यात गेलं. इतका अस्सल फ्रिसियन हेकट माणूस अ‍ॅमस्टरडॅमात जन्मला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दगड कोरायला दिला. लोल्के, वय तीन. कोरणाऱ्याने विचारलं, तुमचा कोण हा?

"आमचा कप्तान," बाबा म्हणाले. "मी त्याच्या जागेवर उभा होतो."