एक वाजता वळणारी मान

मी एक कॅमेरा बोलतोय. लग्नात फोटो काढणारा नव्हे, आणि चौकात खांबावर लटकलेला तो तर मुळीच नव्हे. रायपूरच्या भनपुरीत गुलाबराव मेश्राम नावाचे एक गृहस्थ एकटे राहतात. त्यांच्या पुढच्या खोलीत, डोक्याइतक्या उंचीच्या फळीवर मी बसलेला असतो. अंगानं पांढरा, मोसंबीएवढा. मान डावी-उजवीकडे आणि वर-खाली वळते. पण मान माझी असली तरी ती वळवणारा मी नव्हे. तो पुण्यात राहतो, आणि फोनवर बोट फिरवून मला इकडे-तिकडे बघायला लावतो.

माझा जन्म कुठल्या गावचा, ते मला सांगता यायचं नाही. एका लांबलचक पट्ट्यावर माझ्यासारखी हजारो भावंडं सरकत होती. प्रत्येकाच्या डोळ्यासमोर काळ्या-पांढऱ्या रेघांचा एक पुठ्ठा धरत आणि याला दिसतं की नाही ते बघत. मला दिसलं. लगेच खोक्यात घालून बंद केलं. पुढचे कितीतरी महिने मी अंधारात काढले. खोकं उघडलं तेव्हा समोर सोनियाचं तोंड होतं.

सोनिया भनपुरीतच घरोघरी नेट जोडून देण्याचं आणि कॅमेरे बसवण्याचं काम करते. तिशीची आहे. स्कूटीला शिडी बांधून सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, पालथा घालते. तिच्या घरी मराठी बोलतात, तिला कळतंही, पण उत्तर मात्र ती हिंदीतच देते. त्या दिवशी तिनं आधी नेटचा डबा, म्हणजे राउटर, बसवायला घेतला. गुलाबरावांनी त्यासाठी लोखंडी कपाटाचा माथा पुसून ठेवला होता.

"काका, यहां नहीं चलेगा. लोहे के पास सिग्नल कमजोर पड़ जाता है."

"मंग कुठं ठेवतं?"

"खिड़की के पास."

राउटर खिडकीशी गेला, मी फळीवर चढलो. माझ्या अंगावर एक बारीक दिवा आहे, तो लाल लुकलुकू लागला. गुलाबरावांनी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवलेली. लाल दिवा दिसला की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

"लाल काहून लागून राहिला?"

"अभी नेट नहीं मिला, काका. नीला हो गया तो समझो भैया को दिख रहा है."

"कोनत्या भैयाले?"

सोनियाचा हात जागच्या जागी थांबला. मग ती हळूच म्हणाली, "इंद्रजीत भैया. उन्होंने ही लगवाया है. आप बाथरूम में गिरे थे ना, मैंने बता दिया था."

गुलाबरावांनी आधी माझ्याकडे, मग रिकाम्या खोक्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला परत खोक्यात जावं लागणार.

"लाव," ते शेवटी म्हणाले. "पन त्याले सांगून दे. पाहाचं असन तर पाहा म्हना. बोलाचं नाही."

दिवा निळा झाला. पुण्यात कुणीतरी फोन उघडला आणि माझी मान आयुष्यात पहिल्यांदा वळली. समोरच्या भिंतीशी बुद्धाची मूर्ती होती, तिच्याशेजारी एका बाईचा हार घातलेला फोटो. मान तिथं थांबली ती हलेचना. मग हळूहळू फिरत ती तख्तावर, म्हणजे लाकडी पलंगावर, बसलेल्या गुलाबरावांपर्यंत आली. त्यांनी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला.

फोटोतली बाई म्हणजे मीराबाई, गुलाबरावांची बायको. दोन वर्षांपूर्वी त्या आजारपणात गेल्या. त्या वेळी इंद्रजीत, त्यांचा एकुलता एक मुलगा, कंपनीकडून सहा महिन्यांसाठी परदेशी गेला होता. त्याला आजाराचं कुणी कळवलंच नाही. तो पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात उभं राहून, भरल्या घरात तो बापाला म्हणाला होता, "तुम्ही मले सांगितलं असतं तर आई वाचली असती." गुलाबरावांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून दिलंच नाही. मुलाचे फोन येत, ते कापत. काही महिन्यांनी फोनही यायचे थांबले. हे मी सोनियाच्या तोंडून ऐकलं. गुलाबराव स्वतः याबद्दल अवाक्षर काढत नसत.

माझ्यात बोलण्याचीही सोय आहे. पुण्यात बोललेलं माझ्यातून ऐकू येतं. इंद्रजीतनं ती एकदाच वापरून पाहिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्यातून आवाज निघाला, "बाबा..."

गुलाबराव उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. त्यानंतर इंद्रजीत कधी बोलला नाही. तो फक्त बघायचा. रोज दुपारी एक वाजता त्याची जेवणाची सुट्टी व्हायची आणि माझी मान वळायची. वळताना माझ्या आतली मोटर बारीकशी कुरकुरते. गुलाबरावांना तो आवाज ओळखीचा झाला.

आणि मग मला एक गंमत दिसू लागली. आधी ते स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या जेवत. आता एक वाजला की ताट घेऊन तख्तावर येऊन बसू लागले. अंगातली बनियन जाऊन शर्ट आला, मग शर्टाला इस्त्री आली. जेवण झालं की औषधाच्या गोळ्या तळहातावर ठेवून हात जरा पुढे धरीत, जणू उजेडात नीट बघायच्या आहेत, आणि मग गिळत. माझ्याकडे मात्र चुकूनही बघत नसत. भनपुरीत दिवसभर ट्रकांची ये-जा आणि वर सिलतऱ्याकडून येणारी काळी धूळ. सकाळी पुसलेली फळी संध्याकाळी बोटानं रेघ उठेल इतकी काळी होते. पण माझी काच कायम लख्ख असायची. पाऊण वाजता गुलाबराव चष्म्याचं फडकं घेऊन येत, काच पुसत आणि पुन्हा जागेवर जाऊन अनोळखी माणसासारखे बसत.

असे सात-आठ महिने गेले. एप्रिलमध्ये घरोघरी कूलर सुरू झाले. एका दुपारी वीज गेली, आणि आली ती अशी जोरात आली की राउटरमधून धूर निघाला. सोनियानं दुसऱ्या दिवशी नवा राउटर बसवला. नव्या राउटरचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. मी आपला जुन्यालाच हाका मारीत बसलो. दिवा लाल.

"कॅमेरा भैया के फोन से जुड़ेगा, काका. मैं उनको बता देती हूं," असं म्हणून सोनिया अभनपूरला गेली. तिथं एका धान्याच्या गोदामात तिचं चार-पाच दिवसांचं काम निघालं होतं.

पहिल्या दिवशी एक वाजता गुलाबराव ताट घेऊन बसले. माझी मान वळली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्या तळहातावर धरल्या, बराच वेळ तशाच धरून ठेवल्या, आणि मग पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यात पाहिलं. मी बघत होतो, पण माझ्या बघण्याला काय अर्थ? चौथ्या दिवशी ताटातला भात गार झाला तरी त्यांनी घास उचलला नाही.

"थकला वाटते पोट्टा," ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी सोनियाला फोन लावला. "अवो बाई, तू सांगतलं होतं ना त्याले?"

"हव काका, उसी दिन बताया. भैया बोले, बाबा के पास फोन करना पड़ेगा, और बाबा उठाएंगे नहीं. आप ही लगा लो ना."

"दुसरा उपाय नाही काय?"

"नहीं है, काका."

फोन ठेवून ते आत गेले. परत आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. फोनवर कुणाला दिसणार होता तो शर्ट? पण मला हसू आलं नाही. त्यांनी नंबर शोधला. बोट त्यावर दोनदा गेलं आणि मागे आलं. तिसऱ्यांदा दाबलं. पलीकडे पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाबा?"

गुलाबरावांनी घसा साफ केला. "ते... लाल दिवा लागून राहिला. चार दिवस झाले."

 मग इंद्रजीत अगदी सांभाळून बोलू लागला, पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर उचलावी तसा. "काही नाही बाबा, होऊन जाते. राउटरच्या मागं चिठ्ठी चिपकलेली असन. वाचून सांगता का?"

गुलाबरावांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला, राउटर उलटा केला आणि चष्मा पुसला. "आर. सात. बी."

"छोटा बी का मोठा बी?"

"आता मले काय माहीत? पोटवाला हाय."

"दोन पोटं का एक?"

"एक."

"मंग छोटा."

असं करत बारा अक्षरं झाली. मग माझी पाळी आली. माझ्या बुडाशी एक बारीक भोक आहे, त्यात अगरबत्तीची काडी घालून दहा आकडे मोजायला इंद्रजीतनं सांगितलं. गुलाबरावांनी मोठ्यानं मोजले. मी जुन्या राउटरचं नाव विसरलो आणि कारखान्यात भरलेल्या बायकी आवाजात बोललो, "कृपया कोड दिखाइए."

गुलाबराव दचकून मागे सरले. "हे बाई कोन व्हय?"

फोनमधून हसण्याचा आवाज आला. इंद्रजीतला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "कॅमेराच आहे, बाबा. मी तुमच्या फोनवर एक चित्र पाठवलं. चौकटी-चौकटीचं. ते त्याच्या डोळ्यासमोर धरा, वीतभर दूर. आता हलू नका. टन्न वाजलं का?"

"वाजलं."

"बस. आता दोन मिनिटं थांबा. निळा होईन."

गुलाबराव हातात फोन धरून माझ्यासमोर उभे राहिले. दोन मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. इकडचा श्वास तिकडे ऐकू जात होता, तिकडचा इकडे. बाहेर एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली.

"तुझ्या आईनं शपथ घातली होती," गुलाबराव म्हणाले.

त्यांनी एकदा मागे वळून मीराबाईंच्या फोटोकडे पाहिलं.

"म्हने, आपल्या घरातून पयल्यांदा कोनी विमानात बसलं. त्याले वापस बोलवाल तर माझं मेलेलं तोंड पाहाल. मी दोनदा फोन लावाले घेतला, इंद्रजीत. दोन्ही बार तिनं हात धरला. डॉक्टर म्हने, तसाबी उपाय नव्हता." ते थांबले. "तुले त्या दिवशी सांगाले पाह्यजे होतं. पन तिचं नाव पुढं करून सुटाचं, हे मले जमलं नाही."

"बाबा," इंद्रजीतचा आवाज फाटला, "मी तुमाले काय काय बोललो..."

 त्याच वेळी माझा दिवा निळा झाला. पुण्यात त्याच्या हातातल्या फोनवर बापाचा चेहरा आला असणार, वीतभर अंतरावरून, प्रत्येक सुरकुतीसकट. गुलाबरावांचे डोळे वाहत होते आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं.

बोलायला दोघांनाही जमेना. तेव्हा गुलाबरावांनी हात पुढे केला, तळहात जमिनीकडे, आणि तो सावकाश वर-खाली हलवला. ही क्रेनची खूण आहे. खाली उभा असलेला माणूस क्रेनवाल्याला ती करतो: ओझं हळू खाली ठेव, घाई नाही. लहानपणी इंद्रजीत याच तख्तावर उभा राहून क्रेन-क्रेन खेळायचा आणि बाप त्याला खुणा करायचा, हे मला नंतर कळलं.

माझी मान वर झाली, खाली झाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पुण्यातून इंद्रजीत मला मान डोलवायला लावत होता.

"हव," गुलाबराव म्हणाले. "मंग ये आता."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. दारातून आत पाऊल टाकलं आणि थेट बापाच्या पायाशी बसला. गुलाबरावांनी त्याला उठवलं, त्याच्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "भात खातं का पोळी?" दोन वर्षांचं सगळं एवढ्यावर मिटलं. दुपारी दोघं मीराबाईंच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून बसले. त्या वेळी कुणी काय बोललं ते मी सांगणार नाही. सगळंच सांगत सुटणं बरं नव्हे.

त्या आठ दिवसांत माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या काचेवर काळ्या धुळीचा थर बसला. खरं सांगतो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

आज गुलाबराव दोन महिन्यांसाठी पुण्याला निघालेत. खिडक्या लावून झाल्या, गॅस बंद झाला. इंद्रजीत म्हणाला, "कॅमेरा चालू राहू द्या, बाबा. घरावर लक्ष राहीन."

"रिकामं घर कोन पाहत बसन?" गुलाबराव म्हणाले. "त्यालेबी आराम करू दे."

तेव्हा मला थोडक्यात आवरायला हवं. ज्यांच्या घरी माझी भावंडं बसली आहेत, त्यांना एवढंच सांगतो. आम्हाला दिसतं, बाबांनो. पण "जेवलात का" हे आम्हाला विचारता येत नाही. ते तुम्ही विचारा. आम्ही बसलो आहोत म्हणून विचारायचं सोडू नका.

बाहेर ऑटो उभा आहे. इंद्रजीत पिशव्या चढवतोय. गुलाबराव माझ्यापाशी आलेत, त्यांचा हात बटणाकडे जातोय.

"चाल रे," ते मला म्हणतायत, "येतो मी दोन महिन्यानं."

मला आजवर कुणी सांगून गेलं नव्हतं. या काका, सुखानं या.