पॉइंट झिरो टू

विचुंब्याचा बुधाजी भोईर सातवी नापास होता आणि पनवेलच्या त्या कारखान्यात त्याच्या तोडीचा टर्नर दुसरा नव्हता. या दोन गोष्टी साहेब लोकांना एकदम पटायला जड जायच्या, पण अडलेला जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, शेवटी त्याच्याच लेथवर यायचा, तेव्हा पटवून घेण्यावाचून इलाज नसे.

ती लेथ कारखान्यातली सगळ्यांत जुनी. कामगार तिला म्हातारी म्हणत. तिचा स्क्रू झिजलेला होता, त्यामुळे सांगाल तितकं ती कधीच कापायची नाही. मिलिमीटरचे सहा शतांश सांगितले की चारच कापणार. मग बुधाजी आठ सांगायचा आणि बरोब्बर सहा काढून घ्यायचा. बावीस वर्षं तो असा तिच्या कलानं घेत आला होता. कुमुदच्या कलानं घेण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं, असं तो डबा खाताना म्हणायचा. कुमुद म्हणजे त्याची बायको. ती अर्थात तिथं नसायची.

शहाण्णव साली कारखान्याचा माल न्हावा शेव्याहून परदेशी जायला लागला आणि मालकांनी सीएनसी मशीन आणलं. आकडे भरायचे, दार लावायचं, बटण दाबायचं. पुढचं ते आपलं आपण कापतं. मशीन आलं, पण चालवणारा मिळेना. पेपरात तीनदा जाहिरात झाली. तळोज्यापासून पुण्यापर्यंत ज्याला त्याला मशिनिस्टच हवा होता. आलेला माणूस आठवडाभरात दुसरीकडे पळायचा. मॅनेजर नेनेसाहेबांनी अक्षरशः डोक्याला हात लावला.

"आमी करतो, सायेब," बुधाजी म्हणाला. "टर्निंगच हाय ना?"

नेनेसाहेब हसले. पण सुपरवायझर अविनाश हसला नाही. कापायचं टूल कसं धरायचं हे त्याला बुधाजीनंच शिकवलं होतं. "साहेब, एक चान्स देऊन तर बघा," तो म्हणाला. साहेबांनी दिला. शनिवारी ट्रायल, पास झाला तर नवं मशीन त्याचं. नाहीतर दिवाळीला म्हातारी भंगारात आणि बुधाजी पॅकिंगला. पगार तोच राहणार होता. पण टर्नरनं खोक्यांना खिळे मारायचे, या विचारानंच बुधाजीचा डबा अर्धा परत जायला लागला.

अविनाशनं तीन आठवडे शिफ्ट सुटल्यावर त्याला शिकवलं. बुधाजीनं वहीत बटणांची चित्रं काढली आणि त्याखाली मराठीत काय काय लिहून घेतलं. एकच गोष्ट अविनाश रोज बजावायचा: "काका, ही सांगाल तेवढंच कापते. वर काही द्यायचं नाही."

"ठावं हाय रे," बुधाजी म्हणायचा. आणि ठाऊक होतंच.

शनिवारी नेनेसाहेब हाताची घडी घालून उभे राहिले. जॉब व्यासाला बरोबर चाळीस मिलिमीटर हवा होता. त्याहून एक शतांशही कमी चालणार नव्हता. बुधाजीनं जॉब बांधला, पहिला कट घेतला, मायक्रोमीटर लावला. चाळीस पॉइंट झिरो सिक्स. म्हणजे आता सहा काढायचे, की झालं. अविनाशच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. बुधाजीलाही बरं वाटलं, आणि बरं वाटलं की हात सैल सोडायची त्याची सवय होती. हातानं बावीस वर्षांचं काम केलं. स्क्रीनवर आठ उमटले. त्यानं दार लावलं, बटण दाबलं.

टूल जॉबला टेकलं. आपण काय केलं हे त्याला तिथंच कळलं. त्याचा उजवा हात झटकन पुढं गेला, हँडल मागं ओढायला. म्हातारीचं हँडल तिथं असतं. इथं गुळगुळीत पत्रा होता. मशीन थांबवायचं लाल बटण कुठं आहे हे त्यानं वहीत काढलं होतं, पण हाताला वही वाचता येत नव्हती. काचेमागं टूल निवांत पुढं सरकत राहिलं आणि तो बघत राहिला.

जॉब निघाला तो एकोणचाळीस पॉइंट नाइन एट. दोन शतांशांनी बाद.

"आनखी येक करू द्या, सायेब."

"भोईर, तुम्हाला येत नाही असं मी म्हणत नाही," नेनेसाहेब खरंच हळहळून म्हणाले. "पण उद्या हाच आकडा दोनशे जॉबना लागला असता." अविनाश खाली मान घालून उभा होता.

पुढच्या आठवड्यात चौथी जाहिरात आली आणि पाच जण ट्रायलला आले. नेनेसाहेबांनी बुधाजीला बोलावून घेतलं. "यांचे जॉब तुम्हीच मोजा. तुमच्याइतका माप घेणारा आपल्याकडे कोणी नाही." साहेबांच्या लेखी हा बुधाजीचा मानच होता.

चौघे बाद झाले. बुधाजीला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. कोणीच मिळालं नाही, तर साहेब पुन्हा आपल्याकडेच वळतील, असं मन सांगत होतं.

पाचवा मुश्ताक. पनवेलचाच, पस्तिशीचा, शारजात सहा वर्षं असली मशीनं चालवून आलेला. त्यानं जॉब पुसून बुधाजीच्या हातात ठेवला. "काका, जरा तसल्लीनं बघा हां. घरी सगळे आस लावून बसलेत."

बुधाजीनं माप घेतलं. जॉब फिरवून पुन्हा घेतलं. रुमालानं मायक्रोमीटर पुसून तिसऱ्यांदा घेतलं. तोंडातून फक्त आकडाच काढायचा होता. एकोणचाळीस पॉइंट नाइन एट म्हटलं असतं तरी तिथं कोणी उलटून मोजणार नव्हतं. नेनेसाहेब वाट बघत होते. जन्मात कधी त्यानं माप खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता सांगावं असं फार वाटत असूनही ते कसं सांगतात हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"चाळीस," तो म्हणाला. "बराबर चाळीस हाय, सायेब. घ्या याला."