टॅबवरचं कुंकू

"हा पण चालू होत नाही," असं म्हणत दीपिका मॅडमनी चौथा टॅब टेबलावर पालथा ठेवला.

दाराशी केर काढणाऱ्या सुलूची केरसुणी थांबली.

"मॅडम, चार्जिंग नसंल," सतरंजीवरून हर्षित म्हणाला.

"सकाळपासून चार्जिंगलाच आहेत रे."

केळव्याजवळच्या त्या शाळेत सुलू खिचडी शिजवायची, वर्ग झाडायची, कपाटाची किल्ली सांभाळायची. चौथीच्या वर्गाला टॅब आले तेव्हाच मॅडमनी बजावलं होतं, "मावशी, यांना पाणी लागू द्यायचं नाही हं." ते ती विसरली नव्हती. पण खंडेनवमीला शाळा सुटली, सगळे गेले आणि तिला राहवेना. त्या दिवशी वाडीत कोयत्याला, पंपाला, जाऊबाईंच्या शिवणयंत्रालासुद्धा फूल वाहतात. पूर्वी मुलांच्या पाट्या तीच धुवायची, पुजायची. आता मुलं शिकतात ती यांच्यावर, मग सणाच्या दिवशी यांना पारोसं कसं ठेवायचं? तिने फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकावर एक ओला झेंडू ठेवला आणि कपाट लावलं. देवाला वाहिलेलं पाणी म्हणजे पाणी थोडंच, असं तिला वाटलं होतं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर आज लवकर येऊन तिने निर्माल्य काढलं, पदराने सगळं स्वच्छ पुसलं. काही राहिलं नव्हतं. निदान वर तरी.

विश्राम गुरुजी आत आले. शाळेचे मुख्याध्यापक तेच. "उद्या साहेब टॅब बघायला येतायत आणि हे काय? शेवटी हात कुणी लावला होता?"

"भागीने!" पोरं एका सुरात म्हणाली. "जमा करायचं काम तिचंच."

"गुरुजी, ती खाडीत चिंबोऱ्या धरते नि त्याच हाताने टॅब धरते," हर्षित म्हणाला. वर्ग फिदीफिदी हसला.

"नाय वो गुरुजी, मी फ्रॉकला पुसले व्हते," भागी उठून म्हणाली.

"पुसले म्हणजे ओले होते ना हात?"

भागीने मान खाली घातली. गुरुजींना तेवढं पुरलं. बापाला बोलावणं गेलं.

सुलू झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागली. खिचडीचं काम शाळेची समिती दर वर्षी नव्याने देते, आणि गावात दोघीजणी त्याच्यावर टपून आहेत. मुलाची बोईसरची कंपनी बंद पडल्यापासून घर चालतं ते याच कामावर. आणि ते जाऊ दे, देवापुढे दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी न घेणाऱ्या आपल्या हातून देवीने हे करवलं तरी कसं? नंतर सांगू, ती मनाशी म्हणाली. सगळे गेल्यावर, गुरुजी एकटे असताना.

भागीचा बाप नवशा शेजारच्या वाडीत पानवेलींना पाणी लावत होता, तो तसाच आला. पाय चिखलाने भरलेले, म्हणून आत न येता पायरीवरच थांबला.

"नवशा, पोरीने सरकारी वस्तू बिघडवल्यात."

त्याने हात जोडले. "चुकलं असंल गुरुजी. मी तिला घिऊन जातो. घरी लहान्याला सांबाळंल."

"अरे, शाळेतून काढ कुठे म्हणतोय मी?"

"नको गुरुजी. उद्या आनखी कायतरी बिगडंल. आमाला भ्या वाटतं त्या वस्तूंचं."

भागीने दप्तर उचललं. रडली नाही. एक चप्पल पायात घातली, दुसरी पायाने शोधू लागली.

"मी..." सुलू म्हणाली. तिने केरसुणी खाली टाकली. "मी केलंय ते, गुरुजी. तिने नाय. नवमीला पानी शिंपडलं मी."

"काय शिंपडलं?"

"तीर्थ."

हर्षितला हसू फुटलं, पण कुणीच हसेना म्हणून तोही गप्प झाला. मॅडमनी केसातली पिन काढून टॅबच्या चार्जिंगच्या भोकात हळूच फिरवली. टोकाला ओलं कुंकू आलं.

"अहो मावशी..." एवढंच त्या म्हणाल्या.

"वाळल्यावर होतील का चालू?" गुरुजींनी विचारलं.

"काही सांगता येत नाही सर."

गुरुजींनी चष्मा काढून डोळे चोळले. "सुलूबाई, मला वर कळवावं लागेल. समितीलाही."

"कळवा," ती म्हणाली. ती बाहेर येऊन पायरीवर बसली.

नवशा तिथेच उभा होता.

"मावशे, आमच्या भागीच्या टॅबला बी लावलं व्हतं कुकू?"

"सगळ्यांच्याच."

"भागीच्या बी?"

"व्हय रे. तिच्या बी. तिचा काय येगळा ठिवनार?"

त्याने मान हलवली. भागी एकाच पायात चप्पल घालून दारात उभी होती. तिच्याकडे वळून तो म्हणाला, "जा. बस जा आत."

ऑफिसातून गुरुजींचा फोनवरचा आवाज येऊ लागला. "हो साहेब... नाही, मुलांनी नाही..." पुढचं ऐकू येऊ नये म्हणून सुलूने पदर कानावरून घेतला, तरी ऐकू येतच होतं.

कुंपणापलीकडून वाडीवाल्याने हाक मारली, "ए नवशा, पानी चाललंय वाया!"

"येतो," नवशा ओरडला.

आणि सुलूच्या खालच्या पायरीवर बसून राहिला.