डेगीला दोन खांदे लागतात

मी एक जुनी डेग आहे, मित्रांनो. लग्नाकार्यात गावभराचा भात शिजवायचं तांब्याचं मोठं भांडं, ते मी. आपली कहाणी सांगणारी भांडी बहुधा गोड बोलतात. मला ते जमणार नाही. ज्यांचं अन्न मी इतकी वर्षं शिजवलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आता फारसा आदर उरलेला नाही. तो का उरला नाही, तेच सांगते.

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते. तिथून आत वळलेल्या रस्त्यावर आमचं गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. नाव छापून आलं की आमच्या माणसांना त्याचाही अभिमान वाटतो.

फार पूर्वी गावात मोठं भांडं नव्हतं. लग्न निघालं की बायका घरोघर पातेली मागत फिरायच्या. मग गावकीनं ठरवलं की प्रत्येक घरानं एक फुटकं तांब्याचं भांडं द्यायचं आणि सगळं मोडीत घालून एक डेग घडवून आणायची. बलभीमच्या आजोबांनी गळकी घागर दिली. ते लोक बार्शीकडून इथं जगायला आले होते. चन्नबसप्पाचे आजोबा कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूनं बैलावर तेलाचे बुधले लादून आले आणि इथंच राहिले. त्यांनी चेपलेला हंडा दिला. मुनवरचे आजोबा गावोगाव कल्हई लावत फिरायचे. एका पावसाळ्यात ते मारुतीच्या देवळामागं अडकले ते कायमचेच. त्यांनी आपला वजूचा बधना, नमाजाआधी हातपाय धुवायचं तोटीचं भांडं, दिला. तळ्याचे दगड फोडायला आलेल्या वडारांनीही एक तपेली आणून टाकली.

सोलापूरच्या तांबटानं हे सगळं एका भट्टीत घातलं. कोण आधी आलं, कोण नंतर आलं, हे भट्टीनं विचारलं नाही. आज मी माझ्या अंगात शोधलं तरी बार्शी कुठं संपते आणि आळंद कुठं सुरू होतं, ते मला सापडत नाही. माणसांना मात्र ते अंधारातही सापडतं.

मी गावात आले आणि गावकीनं माझ्यासाठी रिवाज घातले. माझ्या काठाला कड्या आहेत. त्यांत बांबू घालून दोघांनी मला खांद्यावर न्यायचं. ते दोघे एका घरचे नसावेत, सोयरेही नसावेत. ज्याचा खांदा डेगीला लागला, त्याचं घर गावकीचं. ज्या मुलीच्या लग्नाचा भात माझ्यात शिजला, ती गावची लेक. ती माहेरी आली की कोणीही तिला चोळी करावी आणि सासरी तिला त्रास झाला तर चार माणसांनी जाऊन विचारावं. आणखी एक रिवाज होता. डेग परत येताना रिकामी आत न्यायची नाही. तळाशी मूठभर तांदूळ तरी हवेत.

रिवाज चांगले होते. माणसं तेव्हाही बेताचीच होती. मुनवरचे आजोबा दर वर्षी मला विस्तवावर तापवायचे, नवसागर टाकायचे आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवून मला आतून चांदीसारखी करायचे. कल्हई उडालेल्या तांब्यात आंबट राहिलं तर ते कळकतं, हिरवं पडतं, माणसाला बाधतं. म्हणजे सगळ्या गावाचं पोट त्यांच्या बोळ्यावर अवलंबून होतं. पंगतीत मात्र त्यांना बोलावणं यायचं ते माझा तळ खरवडायची वेळ झाली की. गाव तेव्हा मला "लक्ष्मी" म्हणायचं. मला तेव्हा त्यात सुख वाटायचं, हेही खरं.

पुढं दिवस पालटले. बलभीमनं दुमजली घर बांधलं. चन्नबसप्पाच्या दुकानाला शटर आलं. मुनवरनं कल्हई सोडून मंडपाचा धंदा काढला, दोन टेम्पो घेतले आणि तो पहिल्या पंगतीत बसू लागला. मला वाटलं, बरं झालं. पण मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. शिडी चढून आलेला माणूस वर पोचला की पहिल्यांदा मागं वळून शिडीच ओढून घेतो.

कारण तोवर शिडीच्या खाली आणखी एक माणूस येऊन उभा होता. रामसुभग त्याचं नाव. तो बिहारमधून आला, फरशी बसवायचं काम करायचा आणि ओढ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. गावातल्या निम्म्या घरांत लोक ज्या गुळगुळीत फरशीवर जेवायला बसतात, ती त्यानं बसवलेली. त्याचं नाव मात्र गावानं कधी विचारलं नाही. "भय्या" म्हटलं की तो येतो, मग नाव हवं कशाला? त्याची मुलगी करिश्मा इथंच जन्मली आणि इथल्याच शाळेत शिकली. तिची भाषा ऐकून बाहेरचा माणूस तिला बलभीमचीच लेक समजला असता.

करिश्माचं लग्न ठरलं. मुलगा त्यांच्याच लोकांतला, सोलापुरात नोकरीला. रामसुभग मला मागायला गावकीपुढं आला. मी देवळाशेजारच्या खोलीत होते आणि बैठक खोलीच्या दारातच होती. त्यामुळं मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"आप्पा, भाडे का बर्तन तो मिलता है," रामसुभग हात जोडून म्हणाला. "पर बच्ची इधरच जन्मली. ती बोलली, बाबूजी, मेरा भात डेग में पकना चाहिए. गावची लेक होईल ती."

बलभीमनं मिशीवरून हात फिरवला. "तुझं खरं हाय भय्या. पण डेग न्यायला दोन खांदं लागत्यात. खांदा गावकीचा पायजे. तुजा खांदा कसा चालंल?"

"मी हात लावणार नाय. तुम्ही लोक उचला."

"मग तर झालंच! तुज्या दारात आमी डेग वाहून आणायची?"

बैठक हसली. देवळात झाडलोट करणारी धुरपताबाई खराटा थांबवून म्हणाली, "द्या की वो. तांबं हाय ते, झिजतंय व्हय? आमी ऊस तोडाय कर्नाटकात जाताव. तितं आमाला बी हांड्याला शिवू देत न्हाईत. लई वाईट वाटतंय बगा."

"तू झाड मुकाट्यानं," चन्नबसप्पा म्हणाला. तेलाचे बुधले घेऊन आलेल्या माणसाचा हा नातू. "आज ह्याला दिलं तर उद्या तामलवाडीच्या कंपनीतली परमुलखी सगळीच येतील मागायला. मग गाव कुणाचं म्हणायचं?"

एवढ्यात बलभीमचा फोन वाजला. पुण्याहून मुलगा कुलदीप बोलत होता. बलभीमला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असतो.

"आप्पा, खोली सोडा म्हणलालाय मालक. म्हणतोय, तुमी मराठवाड्याकडची माणसं, एक येतो अन् मागनं धा आणतो."

बलभीम संतापून उभाच राहिला. "आरं, त्याच्या बापाचं पुणं हाय का? सांग त्याला, माणसाला माणूस म्हणून बगायचं का न्हाय! लई माजलीत ही लोकं!"

सगळी बैठक हळहळली. काय दिवस आले बघा, म्हणाली. बलभीमनं फोन खिशात ठेवला, रामसुभगकडं वळला आणि त्याच तोंडानं म्हणाला, "तर भय्या, न्हाय जमणार."

मित्रांनो, मी भट्टीत तापले, विस्तवावर काळी पडले, पण मला कधी शिसारी आली नव्हती. ती त्या दिवशी आली. सर्वांत जास्त आली ती मुनवरची. तो एक शब्द बोलला असता तर बैठकीला खाली बघावं लागलं असतं. त्याच्या आजोबांचा बधना माझ्या पोटात आहे. पण तो मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट करत राहिला. जाताना रामसुभगच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मंडपाला सवलत देतो तुला. काळजी करू नको." सवलतीत कापड मिळतं, जागा मिळत नाही.

लग्न झालं. भात भाड्याच्या पातेल्यात शिजला. आणि जेवायला कोण गेलं? सगळं गाव. बलभीम पहिल्या पंगतीत होता. ज्याच्या दारात भांडं न्यायला खांदा मिळाला नाही, त्याच्या दारात जेवायला बुडं बरोबर टेकली. करिश्मा सासरी जाताना देवळापाशी आली. खोलीला कुलूप होतं. तिनं हळदीकुंकू माझ्या दाराच्या कडीला लावलं आणि गेली. ते मी आतून बघितलं नाही. बाहेर धुरपताबाई रडत म्हणाली, म्हणून मला कळलं.

पुढच्याच वर्षी बलभीमच्या मुलीचं, सृष्टीचं लग्न निघालं. मुलाकडच्यांनी पुण्यात मोठं कार्यालय घेतलं होतं. बलभीमनं हट्ट धरला की भात डेगीतच शिजणार, गावचा मान आहे. त्यानं आणि चन्नबसप्पानं खांदा देऊन मला मुनवरच्या टेम्पोत चढवलं. जन्मात पहिल्यांदा मी पुणं बघितलं.

कार्यालयाच्या फाटकावरच्या व्यवस्थापकानं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे काय आहे काका?"

"डेग हाय आमच्या गावकीची. मानाची."

"बाहेरची भांडी आत चालत नाहीत. बाहेरचं काहीच चालत नाही. बोर्ड वाचा."

"आवो, बाहेरची कशी? आमचीच हाय की!"

"काका, तुम्हीच बाहेरून आलात. गाडी बाजूला घ्या."

बलभीमचं तोंड उतरलं. मला हसता आलं असतं तर मी कार्यालयभर घुमले असते. मग मला मोटारींच्या रांगेशेजारी ठेवलं. तिथून रखवालदारानं उष्ट्याच्या पिंपांजवळ सरकवायला लावलं, तिथून आणखी मागं. बलभीम पाहुण्यांत अडकलेला, म्हणून मुनवरनं एकट्यानंच मला सरकवलं आणि त्याची कंबर धरली. आत लग्न लागलं. एक दाणा माझ्यात शिजला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टेम्पो देवळापाशी आला. वऱ्हाड अजून पुण्यात होतं. चन्नबसप्पा तिथंच आपल्या मुलाकडं थांबला होता. गावातली पोरं कंपनीत, बायका रानात. मुनवरला सीटवरून उठता येईना. बलभीम एकटाच माझ्यापाशी उभा. देवळाच्या पायऱ्यांना नवी फरशी बसवायचं काम चाललं होतं आणि ते रामसुभगच करत होता. करिश्मा माहेरी आली होती, ती त्याचा डबा घेऊन बसली होती.

"ए भय्या, इकडं ये," बलभीमनं हाक मारली. "जरा हात लाव."

रामसुभगनं सिमेंटचे हात धुतले आणि निघाला. करिश्मा उठली.

"बाबूजी, थांबा. आप्पा, हात लावायचाय का खांदा?"

"एकच की ते."

"एकच कसं? हात मजुराचा, खांदा गावकीचा. तुमीच सांगितलाव की बैठकीत."

बलभीमनं रस्त्यावर दोन्हीकडं बघून घेतलं. मुनवर सीटवरून कण्हत म्हणाला, "आप्पा, म्हणून टाक की व्हय. कुणी बगत न्हाय हितं."

ऐकलंत? कोणी बघत नसेल तेव्हा माणूस व्हायला हा तयार होता.

"गावकीला इचारल्याबिगर मी कसं सांगू?" बलभीम म्हणाला. "अन् तुजं लगीन झालं की पोरी. आता कशाला उकरायचं?"

"झालं की. तुमी पंगतीत हुताव. जिलबी दोनदा मागून घेतलाव." ती हसली नाही. "मला न्हाय हुता आलं गावची लेक. माझ्या मागं धाकटी हाय. एक शब्द द्या, बाबूजी आत्ता खांदा देतील."

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. एक "व्हय" म्हणायचं होतं. पुण्याच्या फाटकावर ह्या माणसाला काय वाटलं असेल, ते मी त्याच्या शेजारी उभी राहून बघितलं होतं. मला वाटलं, आता तरी म्हणेल.

त्यानं उपरणं कमरेला बांधलं, माझी कडी धरली आणि मला एकट्यानं ओढलं.

मी टेम्पोवरून कोसळले. आवाज रानातल्या बायकांपर्यंत गेला. माझ्या कुशीला परातीएवढी पोच आली, तांबं आत चेपलं, आणि नवी पायरी तडकली. रामसुभगनं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं वाकून तडकलेल्या फरशीवर बोट फिरवलं आणि एक सुस्कारा सोडला.

करिश्मानं डबा उघडला, मूठभर भात घेतला आणि माझ्या तळाशी ठेवला.

"रिकामी आत न्यायची न्हाय, आप्पा," ती म्हणाली. "इसरलाव का?"

मग ती बापाशेजारी बसून त्याला जेवायला वाढू लागली. बलभीमनं मला लोटत, गडगडत, खोलीत नेलं. तिचा तो भात माझ्या तळाला तसाच चिकटून होता. गेल्या कित्येक वर्षांत माझ्यात पडलेलं तेवढंच स्वच्छ अन्न.

आता माझी पोच काढायला तांबट शोधतात. तो मिळत नाही. कल्हई लावायला मुनवरच्या घरात कोणाला येत नाही. माझ्यात ठेवलेलं आता कळकतं. गाव म्हणतं, डेग जुनी झाली. डेगीला नावं ठेवणं सोपं असतं.

जुन्या वस्तूची काळजी घ्या, असं सांगून मी थांबावं, ही रीत आहे. पण मी तसं म्हणणार नाही. मला घासू नका, कल्हई करू नका. ही पोच ठोकून काढू तर मुळीच नका. उद्या एखादा पाहुणा विचारील, एवढी मोठी पोच कशानं आली? तेव्हा पडली म्हणून सांगू नका. सांगा, की दुसरा खांदा समोर उभा होता आणि आम्हाला तो नको होता.