लाटेच्या माथ्यावरचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. गोल तोंडाचा, लोखंडी पायांचा, पोटात स्प्रिंग असलेला. आयुष्यभर ज्याच्यावर लोक उभे राहिले, त्याला थकवा येतो, हे तुम्हाला शाळेत कुणी शिकवलं नसेल. म्हणून मीच सांगतो, मित्रांनो. मी थकलो आहे.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या एका कारखान्यात झाला. लोकरीच्या गाठी तोलायच्या, एवढंच माझं काम ठरलं होतं. लोकर हा स्वभावानं गरीब माल. ती श्वास रोखून धरत नाही. एक पाय हळूच उचलत नाही. आकडा ऐकून माझ्या तोंडाकडे रागानं बघत नाही. ते माझे सुखाचे दिवस होते आणि ते सुखाचे आहेत हे तेव्हा मला कळलं नाही.

मग जहाजात चढवून मला टोंगाच्या एका बेटावर आणलं. बेटाचं नाव मोटूलोआ. इथे मी खोबऱ्याची पोती तोलली, कोनफळं तोलली, डुकरं तोलली. डुकरं ओरडत, पण आकड्यावर वाद घालत नसत. पुढे खोबऱ्याचा भाव पडला, गोदाम बंद झालं आणि मी विमानाच्या नोकरीला लागलो.

आमच्याकडे येतं ते विमान लहान. धावपट्टी गवताची आणि तिच्या टोकाला थेट समुद्र. त्यामुळे विमानात चढणाऱ्या प्रत्येक सामानाचं वजन होतं आणि सामानासारखंच माणसाचंही होतं. मंत्री असो की पाद्री, आधी माझ्यावर उभं राहायचं. आमची माणसं अंगानं भरदार, मनानं त्याहून भरदार. प्रवासाला निघायचं म्हणजे सोबत भाजलेलं डुक्कर, अळूच्या पानांत बांधलेलं जेवण आणि कमरेला मानाची चटई गुंडाळलेली. चटई काढा म्हणणं म्हणजे भर बाजारात धोतर सोडा म्हणण्यासारखं. त्यामुळे मी माणसाबरोबर त्याची अब्रूही तोलत आलो. अब्रू चांगलीच जड असते, हे अनुभवानं सांगतो.

वजन वाचायचं काम वाइपुलूचं. वाइपुलू हा विमान कंपनीचा आमच्या बेटावरचा एकमेव माणूस. तिकीट देणारा तोच, सामान उचलणारा तोच आणि पट्टीवरची डुकरं हाकलणारा तोच. त्याचा आवाज मोठा आणि मन मऊ. या दोन्ही गोष्टी वजन वाचणाऱ्याला वाईट.

एका वादळात धावपट्टीजवळची आमची शेड उडाली. जमिनीवर सपाट सिमेंटचा तुकडाही उरला नाही. तेव्हा वाइपुलूनं मला उचलून धक्क्याला बांधलेल्या सपाट तराफ्यावर नेलं आणि चार बोल्टांनी पक्कं ठोकलं. "थोडे दिवसच हं, बाबा," असं तो माझ्या तोंडावर थाप मारून म्हणाला होता. ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

तराफा डोलतो, मित्रांनो. आमच्या धक्क्यासमोरचा प्रवाळाचा बांध फुटलेला आहे आणि समुद्र तिथून थेट आत येतो. लाटेबरोबर तराफा वर जातो, खाली येतो आणि माझा काटाही वर-खाली करतो. हा माझा दोष नाही. मी वजन सांगतो असं सगळे समजतात, पण खरं तर मला वजन कळतच नाही. माझ्यावरचा माणूस मला किती दाबतो, तेवढंच मला कळतं. लाट खालून उचलते तेव्हा तो जास्त दाबतो. लाटेच्या माथ्यावरून तराफा खाली सुटतो तेव्हा कमी दाबतो. माणूस तोच, चटई तीच, डुक्कर तेच.

हे सगळं लोकांना समजावून सांगितलं ते सेमिसी मास्तरांनी. समजावून सांगितलं, हीच चूक झाली.

सेमिसी मास्तर बेटावरच्या शाळेत विज्ञान शिकवतात. माणूस किडकिडीत. आमच्याकडे हे दुखणं समजतात. विमानाची वाट बघणाऱ्या लोकांना दुसरं काही काम नसतं, आणि मास्तरांना ऐकणारे लागतात. एकदा ते माझ्यावर उभे राहून म्हणाले, "समजा, मी एका बंद डब्यात आहे. पायाखाली हा काटा. डब्याला खिडकी नाही."

"खिडकी का नाही?" वाइपुलूनं विचारलं. "एवढा डबा केला आणि सुतार पळाला?"

"नाही म्हणजे नाही. समजा ना! आता हा डबा पृथ्वीवर ठेवलेला असू शकेल, किंवा दूर अवकाशात, जिथे काहीच वजन नसतं, तिथे कुणीतरी तो दोरीनं वर-वर ओढत असेल, वेग वाढवत-वाढवत. काटा दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवेल. आत बसलेल्याला फरक कसा कळणार?"

"ओढणाऱ्याला हाक मारून," वाइपुलू म्हणाला.

"आणि ओढणारा कोण, हे सांगा आधी," चर्चमधल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. अवकाशात दोरी घेऊन उभा असलेला कोण, यावर तिथे बराच वेळ चर्चा झाली आणि ती शेवटी प्रार्थनेवर संपली.

मास्तरांनी नेटानं पुढचं सांगितलं. "आता समजा दोरी तुटली. किंवा डबा उंचावरून नुसता सोडून दिला. मग डबा, काटा आणि मी, तिघंही एकाच चालीनं पडणार. मी काट्याला दाबणारच नाही. काटा शून्य! अवकाशयानातली माणसं तरंगतात ती अशीच. ती पृथ्वीभोवती सारखी पडत असतात."

"म्हणजे पडताना माणूस हलका होतो?" वाइपुलूनं विचारलं.

"अगदी बरोबर!" मास्तर खूश होऊन म्हणाले.

वर्गातल्या कुणालाही इतक्या पटकन काही कळलं नव्हतं. मास्तरांना वाटलं, आज शिकवल्याचं सार्थक झालं.

सार्थक पुढच्याच विमानाला झालं. वाइपुलूनं पाहिलं की लाट माथ्यावर आली की जाडजूड माणूससुद्धा हलका होतो. मग काय! "थांबा, थांबा... चढू दे... आता!" असं म्हणून तो बरोबर त्या क्षणी आकडा वाचू लागला. यात लबाडी आहे असं त्याला एकदाही वाटलं नाही. मास्तरांनी सांगितलं होतं आणि मास्तर शिकलेले. थोड्याच दिवसांत सगळं बेट तरबेज झालं. बायका समुद्राकडे बघून सांगत, "ही नको, हिच्या मागची घे, ती उंच आहे." ज्यांची कोनफळं पूर्वी धक्क्यावर राहत, त्यांची कोनफळंही उडू लागली. माझी एवढी स्तुती कधी झाली नव्हती. "आपला काटा दयाळू आहे," असं लोक म्हणू लागले. मी काहीच केलं नव्हतं. दयाळू म्हणवून घ्यायला बहुतेक एवढंच लागतं.

विमान मात्र दयाळू नव्हतं. पायलट हेमालोटो एक दिवस तराफ्यावर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वाइपुलू, तुझ्या आकड्यांप्रमाणे मी पिसं घेऊन उडतोय. मग पट्टीच्या टोकाला माझी चाकं पाण्यात भिजतात कशी?"

"वारा नसेल, कॅप्टन."

"वारा होता. पुढच्या वेळी वजनं बरोबर नसली तर मी कुणालाच नेणार नाही. राजा आला तरी नाही."

आणि नेमकं पुढच्या वेळीच सेमिसी मास्तरांना जायचं होतं. मोठ्या बेटावर राहणारे त्यांचे वडील वारले होते. दुपारनंतर माती होती. दुसरं विमान नव्हतं आणि जहाजाला रात्र लागणार होती.

मास्तरांबरोबर त्यांच्या आत्या होत्या, हालाएवालू आत्या. आमच्याकडे घराण्यात आत्यापेक्षा मोठं कुणी नाही. भावाच्या मयताला ती सगळ्यांच्या वर बसते, तिच्या शब्दापुढे शब्द नाही, आणि बापामागे पोरांचे केस कापायचे ते तिनंच. आत्या देहानंही त्या मानाला शोभतील अशा होत्या. काळे कपडे, कमरेला शोकाची मोठी चटई, आणि मागून चौघांनी उचलून आणलेलं गाठोडं: पिढ्यान् पिढ्या जपलेल्या बारीक विणीच्या चटया आणि सालीचं रंगवलेलं कापड. भावाच्या मयताला आत्या हे घेऊन गेली नाही, तर तिची नातवंडंसुद्धा ते ऐकत मोठी होतात. तिसरी होती दवाखान्यात निघालेली एक गरोदर बाई. तिला ठेवून जायचा प्रश्नच नव्हता.

आत्या माझ्यावर चढल्या. वाइपुलू समुद्राकडे बघत म्हणाला, "थोडं थांबा, आत्या. मोठी येतेय... आता!" आणि त्यानं आकडा वाचला. आत्यांचा तेवढा आकडा बहुधा शाळेत असताना असेल.

मग मास्तरांची पाळी आली. त्यांनी पाय उचलला आणि वाइपुलूचे डोळे पुन्हा लाटेकडे गेलेले पाहिले. मास्तर तसेच थांबले.

"वाइपुलू, तू लाटेची वाट का बघतोस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, मास्तर! पडताना माणूस हलका. आज तुमच्यासाठी खास मोठी लाट निवडतो. दुःखाचा दिवस आहे."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मला ते अगदी जवळून दिसलं, कारण त्यांचा एक पाय माझ्यावर होता. गप्प राहिले असते तर ते वडिलांच्या मातीला पोचले असते. किंवा सगळेच समुद्रात पोचले असते. त्यांनी पाय मागे घेतला.

"अरे, तो हलका होतो ते पडतो तेवढ्यापुरता! तुझा आकडा बरोबर यायचा असेल तर विमानाला सगळी वाट पडतच जावं लागेल!"

वाइपुलू माझ्याकडे बघायला लागला. जणू मीच त्याला शिकवलं होतं.

मला किनाऱ्यावर न्यावं म्हणून चौघांनी जोर लावला. पण माझे बोल्ट गंजून तराफ्याशी एकजीव झाले होते. तेव्हा मास्तरांनी एक फळी मागवली. फळीच्या मध्याखाली आडवा ओंडका ठेवला, एका टोकाला आत्यांना बसायची विनंती केली आणि दुसऱ्या टोकाला दुकानातली पिठाची पोती रचायला सांगितली. पोत्यांवर वजन छापलेलं असतं.

"पण फळीसुद्धा तराफ्यावरच आहे, मास्तर," वाइपुलू म्हणाला. "लाट फसवणारच."

"फसवू दे. आत्याला जेवढं हलकं करेल तेवढंच पिठालाही करेल. दोघांना सारखंच फसवलं की फसवणूक उरत नाही."

पोतं चढलं, आणखी चढलं, आणि आत्या हळूहळू वर गेल्या. सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा वर. पिठाशी तोलल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावरून निघून गेला. "हे ठीक आहे," त्या वरून म्हणाल्या.

अशी सगळ्यांची वजनं झाली, चटयांचीही. एक फळी आणि एक ओंडका, आणि मी बाजूला उभा. हेमालोटोनं बेरीज ऐकली आणि मान हलवली. "एक माणूस जास्त आहे. नाहीतर ते गाठोडं."

"मी राहतो," मास्तर म्हणाले. "मीच शिकवलं होतं."

गाठोडं ठेवा असं आत्याला सांगणार कोण?

आत्या फळीवरून उतरल्या. "सेमिसी, तुझे केस कुणी कापायचे?"

"तुम्हीच, आत्या."

"मग मी कात्री घेऊन तिकडे बसू आणि डोकं इकडे धक्क्यावर? गाठोडं ठेवा इथे."

"आत्या, रिकाम्या हातानं? लोक काय म्हणतील..."

"म्हणू देत. माझ्या तोंडावर म्हणणारा कोण आहे तिथे? सगळ्यांच्या वर बसवता ना मला? आज त्याचा थोडा उपयोग करून घेते. आणि वाइपुलू, त्या चटया ओल्या झाल्या तर तुझे केसही मीच कापेन."

विमान पट्टीच्या टोकाच्या बरंच आधी उचललं. वाइपुलूनं चाकांकडे पाहिलं. ती कोरडी होती. मग तो खाली बसला आणि रडला. बराच वेळ.

चटया त्यानं माझ्यावर ठेवल्या आणि वर ताडपत्री घातली. आत्या परत येईपर्यंत त्या माझ्यावर होत्या. आत्या परतल्या त्या जहाजानं, कारण मयताला आलेला आहेर सगळ्यात जास्त आत्यालाच मिळतो आणि तो कुठल्याच विमानात मावला नसता.

तेव्हापासून वजन फळीवर होतं. मला कुणी विचारत नाही. माझ्यावर जाळी वाळत घालतात, आणि गंज आता पोटातल्या स्प्रिंगपर्यंत आला आहे. मित्रांनो, मी खोटं कधीच बोललो नाही. मला जिथे उभं केलं तिथून जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी जुना असेल, तर त्याला हलत्या जागी ठोकून ठेवू नका. ठोकलाच असेल, तर निदान त्याच्या शब्दावर विमान उडवू नका.

सेमिसी मास्तर हल्ली शाळा सुटल्यावर तराफ्यावर येतात. केस अजून पुरते वाढलेले नाहीत. माझ्यासमोर बसून ते माझ्या बोल्टांना खोबरेल तेल लावतात, पान्याला लोंबकळतात, आणि हलकं वजन असण्याचा तोटा त्यांना कळतो. मग वाइपुलू येतो आणि तोही लोंबकळतो.

काल एक बोल्ट सुटला. तीन राहिले आहेत.